पन्नास फ्रँकची पाहुणी

इरा, सई,

मागच्या डिसेंबरात तुम्ही परदेशातून ठाण्याला आलात, तेव्हा माजिवड्याच्या नाक्यावर आपण वडापाव खाल्ला होता. इरा म्हणाली, "आजी, मागच्या वेळी हा वीसला होता. आता पंचवीस." तुमचा बाबा म्हणाला, "डॉलरमध्ये बघ, तेवढ्यालाच पडला." त्यावर इरा म्हणाली, "मग महाग झाला की नाही झाला?" वडा गरम होता, बाबाचा फोन वाजला आणि प्रश्न तिथेच राहून गेला.

माझी सगळी नोकरी त्या प्रश्नापाशी बसून झाली. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काहीतरी लिहून द्या, असं मंडळींनी सांगितलं तेव्हा मला तो वडापावच आठवला. अंक शेजारीपाजारी वाचतील. मी लिहिते आहे ते मात्र तुम्हा दोघींसाठी. तुम्ही मराठी बोट ठेवून वाचता, म्हणून वाक्यं लहान ठेवते.

परदेशी चलन बदलून देणाऱ्या एका कचेरीत मी वीस-बावीस वर्षं खिडकीवर बसले. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि माझं अक्षर नीटनेटकं होतं. एवढ्यावर मला नोकरी मिळाली. आमची कचेरी ठाण्याच्या तलावपाळीला, पहिल्या मजल्यावर होती. माझ्या पाठीमागे भावांचा फळा आणि समोर, गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून, तलाव. दुपारी दोन ते चार फारसं कोणी यायचं नाही. तलावात पायांनी चालवायच्या दोन-चार होड्या गोल गोल फिरत असायच्या. मी गल्ल्यातल्या नोटा देशांप्रमाणे लावून ठेवायची. कुठे पूल, कुठे पक्षी, कुठे दाढीवाला राजा. मी तेव्हा नेपाळसुद्धा पाहिला नव्हता. पण एकेका देशाचा वास मला माहीत होता. थंड देशांच्या नोटा कोरड्या करकरीत यायच्या, आखातातल्या नोटांना अत्तर लागलेलं असायचं. झोप येऊ नये म्हणून मी त्या नोटांतून फिरून यायची. तलावातल्या होड्या आणि नोटांवरच्या होड्या कधीकधी एकमेकींत मिसळून जायच्या.

काम समजायला सोपं आहे. फळ्यावर प्रत्येक देशासमोर दोन आकडे असतात. एका भावाने आम्ही तुमच्याकडून नोट घेतो, दुसऱ्या, थोड्या चढ्या भावाने आम्ही तुम्हाला देतो. मधल्या फरकावर कचेरी चालते. सकाळी मुख्य कचेरीतून भाव आले की मी ते आकडे लावायची. पण प्रवाशाचा खर्च माझ्या एकट्या फळ्यावर ठरत नाही. दुसरा एक फळा तिकडे, परदेशातल्या चहाच्या दुकानात टांगलेला असतो. माझ्या फळ्यावर रुपयाची किंमत, त्या फळ्यावर चहाची. पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन्ही आकडे नवे, म्हणून तो निमूट पैसे देतो. दुसऱ्यांदा जाणाऱ्याच्या डोक्यात मात्र जुना चहा असतो. माझ्या खिडकीशी भांडायला येणारे सगळे दुसऱ्यांदा जाणारे.

कोलशेतचे बाळारामशेठ त्यांतले सगळ्यात गोड. घराण्याची शेती आणि मिठागरं होती. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि शेठ कुटुंबातली चौदा माणसं घेऊन तुर्कस्तानला जाऊन आले. पुढे काही वर्षांनी तिथलं चलन, लिरा, धडाधड कोसळलं. शेठ हसत हसत आले.

"बाय, लिरा मेला म्हनतान. आता आमी राजावानी र्‍हानार."

मी म्हटलं, "शेठ, लिरा पडलाय. तिथल्या वस्तूही पडल्यात का, ते विचारा."

"तुजा भाव म्हंजे मासलीवानी. सकालचा येगला, सांचा येगला. दे तू."

महिन्याने परत आले ते उरलेल्या नोटांची चवड घेऊन. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लिरा पडला, पन च्या काय पडला नाय. च्या चढला. आन त्या आभालातल्या गरम हवेच्या फुग्यात बसाचं तं त्यांनी आमच्याकडं युरोच मागतला." आणि मग, "पन बाय, फुग्यानशी बगलं ना, खाली समदं मिठागरासारकं पांढरं. आमचा बा आटवला."

तुर्कस्तानात फळा इकडे कोसळला आणि तिकडे चढला. काही देशांत उलट असतं. तिकडचा फळा वर्षानुवर्षं जागचा हलत नाही आणि हलतो तो फक्त माझा. स्वित्झर्लंड तसा देश. तिथे चहा-कॉफी मुंगीच्या पावलाने महागते. पण मी खिडकीवर बसायला लागले तेव्हा त्यांचा फ्रँक पस्तीस रुपयांच्या आसपास होता आणि आता शंभरी ओलांडून गेला आहे. कॉफी तिथे टेबलावर तशीच आहे. आपणच तिच्यापासून लांब गेलो.

हे मला परब पतिपत्नींमुळे कळलं. ते सांगण्यासाठीच हा लेख.

परब ठाकुर्लीला राहायचे आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमचे सुपरवायझर होते. खिशात कायम एक छोटी वही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नवराबायको एका ग्रुपबरोबर युरोप बघून आले आणि उरलेली एक नोट विकायला माझ्याकडे आले. पन्नास फ्रँकची, हिरवी, उभी नोट. तिच्यावर एका बाईचा चेहरा होता. मी भाव सांगितला. परब नोट पुढे सरकवणार, तेवढ्यात परबवहिनी म्हणाल्या, "ही नोट खिशात होती आणि आपण धक्क्यावर उभे होतो."

परब म्हणाले, "आता ते इथे कशाला?"

"मॅडमना सांगते. तळ्यावर मोठी पांढरी बोट होती. टूरमध्ये नव्हती ती, ज्याचे त्याने पैसे भरायचे. सगळे चढले. ह्यांनी वही काढली, गुणाकार केला आणि म्हणाले, गॅसचे सहा सिलेंडर होतात."

"होत होते. खोटं नाही बोललो."

"मग आम्ही धक्क्यावर बसून चकल्या खाल्ल्या. बोट लांब लांब गेली. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वेळी."

वहिनी हसून सांगत होत्या. पण नोटेवर त्यांनी एक बोट तसंच ठेवलं होतं. मी खिडकीवर नवीन होते आणि शहाणपण सांगायची हौस होती. मी म्हटलं, "पुन्हा जाणार असाल तर विकू नका. आज आमच्या घेण्याच्या भावाने जाईल, मग तुम्ही चढ्या भावाने परत विकत घ्याल. फ्रँक भक्कम आहे. ठेवा, वाढेल."

"जाणारच आहोत," वहिनी म्हणाल्या.

नोट ठाकुर्लीला देवघरात गेली, कुंकवाच्या करंड्याखाली. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नोटेला हळदकुंकू वाहतात. वहिनी या नोटेलाही वाहायच्या. वर बाईचा चेहरा, मग त्यांनी कुंकू तिच्या कपाळावरच लावलं. "घरी आलेल्या बाईचं कपाळ मोकळं कसं ठेवायचं?" असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

त्यानंतर परब दोन-तीन महिन्यांनी एकदा वर चढून यायचे. काम काही नसायचं. "मॅडम, आज काय बोलतोय फ्रँक?"

"चाळीस."

"चढला ना?"

"चढला."

वहीत लिहायचे आणि खुशीत जिना उतरायचे. पुढे पंचेचाळीस झाला, साठ झाला, पंच्याहत्तर झाला. एकदा तर माझ्यासाठी पेढे आणले. "घरातली पाहुणी मोठी झाली," म्हणाले.

यात चूक काय, हे तुमच्या लक्षात आलं का? परबांजवळ एक नोट होती. तेवढी वाढत होती हे खरं. पण बोटीपर्यंत पोचायचं तर तसल्या कितीतरी नोटा त्यांना अजून विकत घ्यायच्या होत्या, आणि त्याही तेवढ्याच वाढत होत्या. फ्रँक चढला की त्यांची एक नोट चढायची आणि सगळा प्रवास त्यांच्यापासून लांब सरकायचा. ज्या दिवशी त्यांनी हळहळायला हवं त्या दिवशी ते पेढे वाटत होते.

मला हे पहिल्या फेरीपासून दिसत होतं. मी इतकी व्यवस्थित बाई, पावतीवर एक अक्षर खोडलं तर नवीन पावती करणारी. पण परबांना मी काही बोलले नाही. ते जिना चढताना त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. वाटायचं, पुढच्या वेळी सांगू. मग पुढची वेळ यायची, आणि त्यांच्या मागे तलावात होड्या फिरत असायच्या.

मधे मुलीचं लग्न झालं, परब निवृत्त झाले. करोनाची दोन वर्षं गेली. मग एका दुपारी ते आले ते वही, मुदत ठेवीची पावती आणि ती नोट घेऊन. खुर्चीत नीट बसले.

"मॅडम, आता जायचंच. हिच्या, मालतीच्या, डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, कडेकडेने बंद होत येणार. नळीतून बघितल्यासारखं. किती दिवस ते सांगता येत नाही. दिसतंय तोवर ती बोट दाखवायची."

मी नोट हातात घेतली. त्या बाईच्या कपाळावर कुंकवाचा लाल डाग मुरला होता. मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या आणि दोन्ही वाईट. पहिली ही, की तोवर त्या देशाने नोटा बदलल्या होत्या. ही जुनी नोट आमच्याकडे चालत नव्हती. तिथल्या दुकानांतही चालणार नव्हती. फक्त त्यांची मध्यवर्ती बँक ती बदलून देते, तीही तिथे गेल्यावर.

"म्हणजे ठाण्यात हिची किंमत शून्य."

"हो."

"आणि तिथे पुरी पन्नास?"

"पुरी पन्नास."

ते थोडे हसले. "चांगली आहे. माहेरीच बोलते."

मग मी त्यांची ठेव आणि ग्रुपवाल्यांचा आजचा दर कागदावर मांडला. पैसे निम्मेसुद्धा पुरत नव्हते. परब आकड्यांकडे बघत राहिले. टूलरूमचा माणूस, केसाएवढा फरक ओळखणारा. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"म्हणजे मी इतकी वर्षं उलटा आनंद करत होतो."

मी पेनाला टोपण लावलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"पहिल्यापासून?"

"हो, परबसाहेब."

त्यांनी नोट वहीत ठेवली आणि वही खिशात. उठताना म्हणाले, "कळत तसं मलाही असणार. पण तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी पण स्वतःशी बोललो नाही." आणि जिना उतरून गेले. खिडकीतून मी बघत होते. तलावाच्या कठड्यापाशी ते बराच वेळ होड्या बघत उभे होते.

त्यानंतर ते आले नाहीत. काही महिन्यांत मी निवृत्त झाले. निरोपाला सहकाऱ्यांनी मला भावांच्या फळ्यातला फ्रँकचा जुना पट्टा भेट दिला. तो मी कपाटात पालथा घालून ठेवला.

मग एके दिवशी कचेरीतून माझा पत्ता घेऊन परबवहिनी माजिवड्याला घरी आल्या. दाराशी चपला काढताना एक हात भिंतीवर होता.

"रागावलेत ते तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "तसे फ्रँकवर रागावलेत. पण फ्रँक ठाण्याला राहत नाही."

मी चहा ठेवला. म्हटलं, "वहिनी, चुकलंच माझं. मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं. आता बोला. मला पंधरा दिवस, सहा देश, नऊ चर्च, काही नको. मला एक बोट हवी. तेवढ्याला किती लागतं ते सांगा."

इतक्या वर्षांत असा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी कागद-पट्टी घेतली. सहा दिवस, एकच देश, गर्दी ओसरल्यावरचा ऑक्टोबर, तळ्याकाठचं साधं गेस्ट हाउस. जेवणाची सोय, म्हणजे भडंग, मेतकूट आणि खाकरे, बॅगेतून. तरी ठेव थोडी कमी पडत होती. ठाकुर्लीच्या जागेत वहिनींनी शिवणाचा क्लास चालवला होता, त्याचे पैसे त्यांनी स्वतःच्या नावावर बाजूला ठेवले होते. "ह्यांना माहीत नाही," म्हणाल्या. "माहीत असते तर त्याचेही सिलेंडर केले असते."

फ्रँक एकदम घ्यायचे नाहीत, असं मी ठरवलं. दर महिन्याच्या पाच तारखेला, थोडे थोडे, परदेशात चालणाऱ्या प्रवासाच्या कार्डावर. भाव कितीही असो. तक्ता केला त्यात तारीख, किती फ्रँक, सही, एवढेच रकाने होते. भावाचा रकाना मी आखलाच नाही. वहिनींना म्हटलं, "परबसाहेबांना सांगा, पाच तारखेला यायचं, पण फळ्याकडे बघायचं नाही."

पहिल्या पाच तारखेला परब एकटेच आले. मी तलावपाळीला कचेरीच्या जिन्याखाली उभी होते. मला बघून म्हणाले, "चला मॅडम. बघायचं नाही म्हणता, मग कोणीतरी हात धरायला हवं." त्या दिवसापासून आठ महिने आम्ही दोघं तो जिना चढलो. भाव ते बघायचेच, चोरून. पण वहीत लिहायचे नाहीत.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात गेले आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात परत आले. मी ठाकुर्लीला भेटायला गेले. वहिनींनी ओल्या नारळाच्या करंज्या समोर ठेवल्या आणि दोघं एकदम बोलायला लागले.

आधी ते राजधानीच्या गावात त्या बँकेत गेले होते. खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने नोट घेतली आणि लाल डाग बघून थबकली. तिकडे चोराने पैशांची पेटी फोडली तर आतल्या नोटांवर म्हणे असाच रंग उडतो. तिने आतून एका साहेबाला बोलावलं. "चाळीस वर्षांत गेटवर कधी झडती झाली नाही आणि इथे म्हातारपणी चोर," परब म्हणाले.

"हे वही चाचपत उभे," वहिनी म्हणाल्या. "मग मीच बोलले. म्हटलं, धिस लेडी, गेस्ट इन माय हाउस. ट्वेंटी इयर्स. एव्हरी दिवाळी आय पुट. आणि माझं कपाळ दाखवलं."

"मग?"

"त्या मुलीने नोटेवरच्या बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. साहेब हसला. मुलगी म्हणाली, इतकी वर्षं सांभाळलीत, तर बदलता कशाला, ठेवा की."

परब करंजी मोडता मोडता थांबले होते. वहिनींनी त्यांच्याकडे मान केली. पूर्ण मान वळवावी लागते त्यांना आता. "ह्यांनी सांगितलं, नो. फॉर बोट."

नवीन नोट मिळाली. तीही हिरवीच, पण तिच्यावर बाई नाही. एक हात आहे आणि त्या हातातून वाऱ्यावर उडणाऱ्या बियांच्या म्हाताऱ्या, सावरीच्या असतात तशा. ती नोट त्यांनी जपून नेली आणि त्याच धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत ठेवली. कार्डावर पैसे होते. पण परबांनी ठरवलं होतं, बोट या नोटेवरच. पूर्वी याच नोटेत दोघांचं जायचं-यायचं झालं असतं. तिथली मुंगीची पावलंसुद्धा वीस वर्षांत बरीच चालून गेली होती. आता पन्नास फ्रँकमध्ये दोघांना फक्त जाता येत होतं, आणि तेही पैलतीरापर्यंत नाही. तिसऱ्या धक्क्यापर्यंत.

"दिसली का वहिनी बोट?" मी विचारलं.

"दिसली की. कडा गेल्यात माझ्या, मधलं दिसतं. बोट मधूनच जाते ना." मग म्हणाल्या, "पाणी इतकं गप्प होतं. डोंगर पाण्यात उलटे. मला वाटलं, आपण आत बसलोय आणि मी धक्क्यावर पण बसलेय, चकली खात. ती धक्क्यावरची मी मला हात करत होते."

परब म्हणाले, "उतरल्यावर बसने आलो."

"बसचं तिकीट काढताना ह्यांनी वही काढली," वहिनी म्हणाल्या. "एक सिलेंडर."

"होत होता. खोटं नाही बोललो."

निघताना मी त्या तिसऱ्या धक्क्याचं नाव विचारलं. इरा, सई, तुम्ही कधी तिकडे गेलात तर उतरून बघाल म्हणून. वहिनींना पाटी वाचता आली नव्हती. परबांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. पानावर डावीकडे, पस्तिशीपासून वर वर चढत गेलेले फ्रँकचे सगळे जुने भाव होते, एकाखाली एक. उजवीकडे त्या दिवसाची तारीख होती. गावाचं नाव लिहायचं तेही विसरले होते. तिथे फक्त दोन शब्द होते. नोट इथपर्यंत.